२००८ ची स्प्लेंडर, पंधरा हजार रुपये : काय करावं, काय करू नये?

मांजराकाठ
रविवार, रात्री ९.४०

रामराम मंडळी.

घरी वडिलांची स्प्लेंडर प्लस आहे. २००८ ची, किकवाली, टाकीवर अजून हीरो होंडा लिहिलेलं. एमएच-२३. पंधरा वर्षं भरल्यावर २०२३ ला पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलंय, म्हणजे २०२८ पर्यंत कागदाची काळजी नाही. वडील रिटायर झाले आणि गाडी माझ्याकडे आली. मीटर ७३ हजारांवर थांबलंय. कधी थांबलं ते त्यांनाही सांगता येत नाही.

केज तालुक्यातल्या गावातून मी रोज अंबाजोगाईला जाऊन-येऊन करतो, पन्नासेक किलोमीटर. येताना अंधार पडलेला असतो. कारखाने चालू झाले की रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रेडियमची पट्टी. मागच्या मंगळवारी अशीच एक ट्रॉली मला दिसली ती दहा-बारा हातांवर आल्यावर. दोन्ही ब्रेक दाबले. गाडी थांबली नाही, नुसती मंदावली. साइडपट्टीवर उतरवली म्हणून हा धागा काढायला शिल्लक आहे. माती कोरडी होती हे नशीब, ओली असती तर काळ्या रानाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

घरी येऊन रात्रभर मोबाईलवर बघत बसलो. मनात आलं ते असं : एलईडी हेडलाइट आणि खाली दोन फॉग लाइट, पुढं डिस्क ब्रेक, जाड टायर, अलॉय व्हील, मोबाईल चार्जर, आणि उरलेच तर इंजिनचं काम. बजेट पंधरा हजार. एकदम नाही, दोन-तीन पगारांत.

नवी गाडी घ्या म्हणू नका. धाकटीचं लग्न आहे.

हिशेबी_माणूस
रविवार, रात्री १०.०५

नवी घ्या म्हणत नाही, पण हिशेब मांडतो. सतरा-अठरा वर्षांच्या गाडीवर पंधरा हजार घालून ती विकायला काढली तर त्या पंधरातला एक रुपया परत येत नाही. गिऱ्हाईक मॉडेल विचारतं, कागद विचारतं, लाइट कुठला बसवला ते कुणी विचारत नाही. जालन्याच्या बाजारात मी तीन गाड्या विकल्यात, तिन्ही वेळा हाच अनुभव.

मांजराकाठ
रविवार, रात्री १०.१२

विकायची नाहीच. वडील रोज संध्याकाळी गाडी आली का बघायला ओट्यावर येतात. मला बघायला येत नाहीत.

दोन_स्ट्रोक
रविवार, रात्री १०.३०

ट्रॉलीची जखम सगळ्यांचीच आहे भाऊ. मी नांदेडचा, माझ्याकडं आरएक्स १००. १९९६ ला बनायची बंद झाली, माझी त्याच्या आदल्या वर्षीची. तुमचं सुख असं की स्प्लेंडरचा पार्ट अजून प्रत्येक तालुक्याच्या मोंढ्यात मिळतो. मला साधा साइड पॅनल पाहिजे असला तर सहा महिने वाट आणि सोन्याचा भाव. तेव्हा रडू नका. खर्च करा.

ग्रीसचे_हात
रविवार, रात्री ११.२०

लातूरला बावीस वर्षं गॅरेज चालवायलो. धागा वाचला, आता जरा कडू बोलतो, राग मानू नका.

तुमची गाडी थांबली नाही. त्याला डिस्क लागत नाही. आजची साधी स्प्लेंडर प्लसही दोन्हीकडं ड्रम ब्रेकवरच येते. २०१९ पासून नियम आला म्हणून मागचा-पुढचा ब्रेक जोडून देतात, एवढंच. ड्रम नीट असला तर शंभर सीसीच्या गाडीला पुरून उरतो. डिस्क बसवायची म्हणजे फोर्कचा नळा बदलायचा, हब बदलायचा, वर मास्टर सिलिंडर, होज आणि मजुरी. जुनं सामान घातलं तरी निम्मं बजेट तिथंच गेलं, आणि चाक ज्या कोनसेटवर वळतं तो तसाच झिजलेला राहिला. मग काय केलं तुम्ही?

आधी गाडी तपासा. पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

मेन स्टँडवर लावा, मागं कुणाला तरी बसवा म्हणजे पुढचं चाक उचलेल. हँडल दोन बोटांनी सावकाश डावीकडून उजवीकडं न्या. बरोबर मधोमध आल्यावर खट्‌ करून अडकल्यासारखं होतंय का? तर कोनसेटच्या वाट्या गेल्या. मग फोर्कचे खालचे नळे दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं हलवा. टकटक आली तर ढिल्ला तरी आहे नाहीतर गेलेला तरी. आता मागचं चाक धरून आडवं हलवा, म्हणजे डावी-उजवीकडं. चाकासोबत ते ज्यात बसतं तो चिमटाच हलला तर चिमट्याचे बुश गेले. चाक एकटं हललं तर बेअरिंग.

ब्रेकचं बघा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि खाली ड्रमवरच्या आर्मकडं बघा. दाबलेल्या अवस्थेत तार आणि आर्म यांचा काटकोन व्हायला पाहिजे. आर्म त्याच्या पुढं पार झोपत असेल तर ब्रेकचे शू संपले किंवा कुणीतरी आर्म चुकीच्या दातावर बसवलाय. अशा ब्रेकला कितीही जोर लावा, जोर तारेतच जिरतो.

टायरच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते इथं लिहा.

चेन मागच्या चक्राच्या पाठीमागून, म्हणजे घड्याळात तीन वाजतात त्या जागी, चिमटीत धरून ओढा. दातावरून उचलून खाली उजेड दिसला तर किट, म्हणजे चेन आणि दोन्ही चक्रं, गेलं.

आणि सकाळी पहिली किक मारल्यावर धूर कुठला येतो, किती वेळ येतो, ते सांगा. तोवर इंजिनाला हात लावू देऊ नका कुणाला.

वाळूज_शिफ्टवाला
सोमवार, सकाळी ६.५०

नाइट संपवून टाइपतोय, चुका सांभाळून घ्या. ग्रीसभाऊंना +१.

मी लाइटचं बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथं वाया जातात. तुमच्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. तो मॅग्नेटोच्या (इंजिनासोबत फिरून वीज बनवतो तो) लाइटिंग कॉइलवर थेट, म्हणजे एसीवर आहे. म्हणून तर इंजिन मंद झालं की दिवा मंद होतो आणि रेस केली की भडकतो. बॅटरीवर फक्त हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट असली किरकोळ कामं. बॅटरी अडीच अँपिअर-अवरची. बाराने गुणा, तीस वॅट-तास. बॅटरी पूर्ण भरलेली आणि नवी असली तरच तीस.

आता या गाडीवर वीस वॅटचे फॉग लाइट आणि दहा वॅटचा मोबाईल चार्जर लावला. तीस वॅट झाले. चार्जिंगची कॉइल छोटी, ती एवढं भरून काढत नाही. गावातून निघून अंबाजोगाईला पोचेपर्यंत बॅटरी निम्म्यावर आणि पंधरा दिवसांत हॉर्न बसलेल्या घशाचा. दुकानदार म्हणतो बॅटरी खराब निघाली. बॅटरी बिचारी काय करेल?

बाजारात मिळतो तो दोन-तीनशेचा एलईडी बल्ब हॅलोजनच्या काचेत घातला की आणखी एक गोष्ट होते. रिफ्लेक्टरचा आकार हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी नसते. उजेड सगळीकडं फेकला जातो. समोरच्याचे डोळे दिपतात, तुम्हाला झाडाचे शेंडे स्पष्ट दिसतात, रस्ता दिसत नाही. शिवाय एसीवर तो फडफडतो आणि रेस केल्यावर उडतो.

ज्याला खरंच डीसी, म्हणजे हेडलाइट बॅटरीवर, करायचंय त्यानं कॉइलचं वायरिंग, रेग्युलेटर-रेक्टिफायर आणि बॅटरी तिन्ही एकत्र बदलावं. नाहीतर हात लावू नये.

ग्रीसचे_हात
सोमवार, सकाळी ८.१५

डीसीचं मी करतो साहेब, तीन-चार गाड्यांना केलंय, चांगलं चाललंय. पण गिऱ्हाईकाला आधी सांगतो की रस्त्यात बंद पडली तर गावाकडचा मिस्त्री ओरिजनल वायरिंग शोधत बसेल आणि शिव्या मला देईल.

वाळूज_शिफ्टवाला
सोमवार, सकाळी ८.२२

तेच म्हणतोय. करता येतं. केज तालुक्यात रात्री आठ वाजता दुरुस्त करता येत नाही.

पाठीमागची_सीट
सोमवार, दुपारी २.१०

सगळे पुढच्या माणसाचा विचार करताहेत म्हणून लिहिते. आमच्याकडे परभणीत २०१० ची पॅशन आहे. चालवतात हे, मागे मी आणि मांडीवर मुलगी. ह्यांनी दोन वर्षांपूर्वी गाडीला सायलेन्सर बदलला, हँडलला रंगीत ग्रिप घातले, टाकीला स्टिकर लावला. सीट मात्र तीच, ज्याचा फोम बसून मधे परात झालेली. औंढ्याला गेलो तेव्हा उतरल्यावर मला पाच मिनिटं सरळ उभं राहता येईना.

शेवटी मीच गाडी कुशनवाल्याकडे नेली. त्यानं सांगितलं, फोम जाड घालू नका, घट्ट घाला. जाड घातला की सीट उंच होते, बुटक्या माणसाचे पाय टेकत नाहीत आणि मागचा माणूस पुढे घसरत राहतो. घट्ट फोम, वर साधं रेक्झिन, शिलाई कडेला घ्यायची, मधे नाही, नाहीतर पावसाळ्यात पाणी शिवणीतून आत जातं आणि आठवडाभर ओल्या सीटवर बसा. सात-आठशेत काम झालं. मागचे शॉकअप पण बदलले. आता सांगा, त्या सायलेन्सरच्या पैशात काय आलं असतं?

आणि साडी गार्ड काढू नका कुणी. गाडी बारीक दिसावी म्हणून पोरं काढतात. मागच्या माणसाला धरायला हँडल, पाय ठेवायला जागा आणि चाकाला आच्छादन हे नियमातच आहे, आणि नियम नसता तरी ओढणी चाकात गेलेली मी डोळ्यांनी बघितलीय.

मांजराकाठ
सोमवार, रात्री ९.३०

ताई, वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "तुझी आई अठरा वर्षं बसली, कधी बोलली नाही." आई आतून म्हणाली, "विचारलं कधी?"

तपासणीचा निकाल :

हँडल मधोमध अडकतंय. चांगलं खट्‌ करून. मला वाटायचं सरळ रस्त्यावर गाडी आपोआप स्थिर राहते ही हीरो होंडाची खुबी आहे.

मागचं चाक आडवं हलवलं तर चिमटाच हलला.

ब्रेकचा आर्म काटकोनाच्या बराच पुढं जातोय.

टायर : पुढचा २२१४, मागचा ४०१७. म्हणजे पुढचा टायर २०१४ चा! नक्षी दिसतेय पण भिंतीवर बारीक भेगा आहेत, ज्येष्ठातल्या जमिनीसारख्या.

चेन उचलतेय. खरं म्हणजे किट दीड वर्षापूर्वीच बदललंय. एका दुकानातून घेतलं होतं, कंपनीचंच आहे म्हणून. पॅकिंग त्यानं आधीच फोडून ठेवलं होतं.

धूर सकाळी निळसर येतो, मिनिटभरात जातो. नंतर नाही. तेल महिन्यात फार उतरत नाही.

ग्रीसचे_हात
सोमवार, रात्री १०.४०

झालं की मग. अपग्रेडची यादी तुमच्या गाडीनंच लिहून दिली.

इंजिन सोडा. थंड्या इंजिनात मिनिटभर निळा धूर आणि नंतर स्वच्छ, म्हणजे बहुतेक व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक झालेत. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर रेस करताना, चढाला, सारखा धूर दिसला असता आणि तेल भराभर उतरलं असतं. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इंजिन थंड असताना सेट करून घ्या, तेल वेळेवर बदला, बस. चांगलं चालणारं इंजिन "खोललंच आहे तर" म्हणून खोलायचं नसतं. कंपनीनं बसवलेली फिटिंग एकदा हलली की मिस्त्रीच्या हातावर आली. माझ्याही.

किट घेताना डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, त्यावरची किंमत आणि महिना वाचा. दोन्ही चक्रं आणि चेन एकत्रच बदलायची. झिजलेल्या चक्रावर नवी चेन म्हणजे नव्या जावयाला जुनं धोतर.

काळीमाती
मंगळवार, सकाळी ७.०५

हिंगोलीकडून. टायरवर बोलतो. जाड टायर काहून पाहिजे? पुढं-मागं २.७५-१८ कंपनीचं माप आहे. मागं ३.०० चालतं, बरेच जण घालतात, ओझं असलं तर बरंही पडतं. पण त्याच्या पुढं जाऊ नका. पावसाळ्यात शेताच्या वाटेनं एकदा गाडी घाला मग कळेल. आपली माती टायरला धरते, मग मडगार्डमध्ये भरते, मग चाकच फिरत नाही. काडी घेऊन कोरत बसायचं. जाड टायरला मडगार्डात जागा उरत नाही. मी तर पावसाळ्यात पुढचं मडगार्ड दोन वॉशर घालून वर उचलून घेतो.

आणि ट्यूबलेसचं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तारेच्या रिममध्ये तारांच्या भोकातून हवा जाते, तिथं ट्यूबच लागते. आमच्याकडं बाभळीचा काटा रोजचा. सीटखाली एक ट्यूब आणि दोन पाने असू द्या.

बारामाही_पुणेकर
मंगळवार, सकाळी ९.४०

पुढचं स्प्रॉकेट १५ दातांचं टाका. मायलेज वाढतं, पिकअप पण येतो.

वाळूज_शिफ्टवाला
मंगळवार, सकाळी १०.००

दोन्ही एकदम कसं येईल हो? मूळ १४ आणि ४२, म्हणजे पुढचं तीनदा फिरलं की मागचं एकदा. १५ केलं की २.८. सपाट रस्त्याला एकट्या माणसाला इंजिन थोडं निवांत फिरेल, खरंय. पण ओढ कमी होणार. मांजरसुंब्याचा घाट दोघं बसून चढायचा असेल तर तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागेल आणि वाचवलेलं पेट्रोल तिथं जाईल.

मायलेज पाहिजे असेल तर ब्रेक चिकटतोय का बघा. स्टँडवर चाक हातानं फिरवा, दोन-तीन फेऱ्या मोकळं फिरलं पाहिजे. हवा तपासा. एअर फिल्टर बदला. पेट्रोलचंही एक आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं येतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळं थोडं मायलेज तिथंच गेलं, त्याला स्प्रॉकेटचा इलाज नाही. जुन्या गाडीत खरा त्रास रबराला होतो. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी, कॉकचे वायसर, फ्लोटची सुई. हे जुन्या पेट्रोलच्या हिशेबानं बनलेले. नळी कडक झाली असेल, भेगाळली असेल तर आताच बदला, शंभराच्या आत काम. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, तेव्हा गाडी महिना-दोन महिने उभी ठेवायची असली तर कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सोडून वाटी रिकामी करून ठेवा.

दोन_स्ट्रोक
मंगळवार, सकाळी १०.१५

आम्ही पेट्रोलमध्ये ऑइल घालायचो, सरकार ऊस घालतंय. म्हणजे समोरची ट्रॉली पण आपलीच आणि टाकीतलं पण आपलंच.

आरसीबुक
मंगळवार, सायंकाळी ६.३०

धाराशिवहून. एक-दोन गोष्टी कागदाच्या, कारण शेवटी पासिंगला गाडी न्यावीच लागते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं की आरसीवर कंपनीच्या मापाप्रमाणं ज्या गोष्टी लिहिल्यात त्या परस्पर बदलायच्या नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा प्रत्येक बदलामागं मालकाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आलं. टायर, शू, शॉकअप, सीट, बल्ब त्याच मापाचे घातले तर कुणी विचारत नाही, ती दुरुस्ती आहे. आवाजाचा सायलेन्सर, वेगळ्या गाडीचं इंजिन, आरसीवर न लिहिता बदललेला रंग, इथं अडकता. पाच वर्षांनी पुन्हा पासिंग करताना साहेब गाडी समोर उभी करून बघतात, तेव्हा जुना सायलेन्सर शोधत भंगाराची दुकानं फिरणारे मी बघितलेत.

आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, तेव्हा उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल तर पंधरा हजारांतले पहिले ५३१ तिकडं काढून ठेवा.

मांजराकाठ
मंगळवार, रात्री ९.५०

नंबरप्लेट झालीय. बाकी कळलं. अलॉय, डिस्क, फॉग तिन्ही खोडले. पगार झाला की सुरुवात.

हिशेबी_माणूस
बुधवार, सकाळी ८.००

बघा, मीही तेच म्हणत होतो.

ग्रीसचे_हात
बुधवार, सकाळी ८.०४

तुम्ही विका म्हणत होता.

(सात आठवड्यांनी)

मांजराकाठ
शनिवार, रात्री १०.१०

काम पुरं झालं. दोन पगार गेले. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना हिशेब देणं लागतो.

पहिल्या खेपेला ब्रेक, टायर, कोनसेट. अंबाजोगाईलाच एका जुन्या मिस्त्रीकडं शनिवार-रविवार जाऊन बसलो. पुढचं चाक उतरवलं, ड्रम उघडला. शू अजून अर्धे शिल्लक होते! मला वाटलं चला, एवढं वाचलं. त्यानं एक शू माझ्या हातात दिला. वरचा थर आरशासारखा चकाकत होता, नखानं ओरखडा पडेना. म्हणाला, "हे लाकूड झालंय, हे धरत नाही, घासत जातं." ज्या कॅमवर शू उघडतात तो पिन ग्रीस वाळून जागच्या जागी घट्ट बसलेला. म्हणजे मी त्या रात्री जो जोर लावला तो सगळा त्या गंजलेल्या पिनेनंच खाल्ला. पिन काढून घासली, ग्रीस लावलं, नवे शू, नवी तार, आर्म एक दात मागं. ड्रम ओल्या फडक्यानं पुसला, तोंडानं फुंकू दिला नाही मला. ती धूळ छातीत जाते म्हणे.

मग कोनसेट. वरचा नट सोडून फोर्क खाली घेतला तर छर्रे टपटप फरशीवर पडले, कोरडे ठाक. खालची वाटी पुसून त्यानं माझ्या बोटानं चाचपायला लावली. ज्वारीच्या दाण्याएवढे खड्डे, ओळीनं, बरोबर जिथं सरळ हँडल असताना छर्रे बसतात तिथंच. ती खुबी हीरो होंडाची नव्हती.

दोन टायर, दोन ट्यूब मिळून ४,३०० गेले, मागं ३.०० घातला. ब्रेकचं सगळं हजार-अकराशे. कोनसेट मजुरीसह सातशे.

दुसऱ्या खेपेला चिमट्याचे बुश, फोर्कचं तेल आणि सील, चेन किट (डबा माझ्यासमोर फोडला, ११५०), मागचे शॉकअप, पेट्रोलची नळी, फिल्टर, प्लग. कार्बोरेटर उघडून साफ केला, तळाला चिमूटभर तांबूस गाळ होता. टॅपेट झाले. इंजिन खोललं नाही.

हेडलाइटची गोष्ट वेगळी सांगतो. वाळूजसाहेबांनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितलं होतं की बल्ब बदलण्याआधी बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा, मीटर एसीवर ठेवून, इंजिन मध्यम रेसवर. मोजलं तर साडेनऊ. मग वायर शोधत गेलो तर हँडलच्या खाली अर्थिंगचा जोड हिरवा पडलेला, होल्डर एका बाजूनं जळून काळा. जोड घासून, होल्डर नवा घालून मोजलं तर साडेबाराच्या वर. काचेतला रिफ्लेक्टरही पोपडे धरून पिवळा पडला होता, तो पूर्ण संच बदलला. आत तोच ३५ वॅटचा साधा हॅलोजन. सगळं ८५० मध्ये. भिंतीसमोर गाडी लावून, वडिलांना वर बसवून लाइट खाली-वर करून लावला. एलईडीइतका पांढरा नाही, पण रस्ता दिसतो, साइडपट्टी दिसते. मंद इंजिनला अजून मंद होतो, ते तसंच राहणार हे आता माहीत आहे.

सीटचा फोम ताईंनी सांगितला तसा, घट्ट आणि कडेला शिवण. एकूण १४,१५०. उरलेल्या साडेआठशेतून मागं लाल आणि कडेला पिवळी चमकणारी पट्टी लावली, गाडीला थोडी, आणि बाकीचा रोल गावातल्या दोन ट्रॉलीवाल्यांना नेऊन दिला. एकानं लावली. दुसरा म्हणाला हंगाम संपल्यावर बघू.

मोबाईल चार्जर घेतला नाही. मोबाईल ऑफिसात चार्ज करतो.

पाठीमागची_सीट
शनिवार, रात्री १०.३५

आई बसल्या का?

मांजराकाठ
शनिवार, रात्री १०.४२

बसली. योगेश्वरीच्या दर्शनाला नेली होती. काही बोलली नाही, पण येताना थांब म्हणाली नाही. एरवी मधे एकदा चहाच्या नावाखाली उतरायची.

काळीमाती
रविवार, सकाळी ६.४०

आणि वडील?

मांजराकाठ
रविवार, सकाळी ७.१५

त्यांनी काल स्वतः एक चक्कर मारली, मारुतीच्या पारापर्यंत. परत येऊन गाडी स्टँडला लावली आणि मला म्हणाले, "ब्रेक जास्तच लागतोय, जरा ढिल्ला कर."

ग्रीसचे_हात
रविवार, सकाळी ७.३०

करू नका.

दोन_स्ट्रोक
रविवार, सकाळी ८.०५

त्या अंबाजोगाईच्या मिस्त्रीला आरएक्स जमते का विचारून सांगा. नंबर इथं टाकू नका, व्यनि करा.

मांजराकाठ
रविवार, सकाळी ८.२०

व्यनि केलाय.